चीजवरचा दगड

अनेमूसा, २० मार्च १९६१

प्रिय सेवास्तीताई,

तुझं नाताळचं पत्र आत्ता कुठे हाती पडलं. बोट तीनदा बंदरासमोर आली आणि आमची तोंडं बघून परत गेली. चौथ्या खेपेला लाटा जरा बसल्या, तेव्हा टपालाची पिशवी, पिठाची पोती आणि नवा पाद्री यांना एकाच होडीत घालून आणलं. पाद्री उलट्यांनी हिरवा पडला होता आणि पीठ भिजलं होतं. तुझं पत्र तेवढं कोरडं निघालं.

हा पापा-ग्रिगोरिस वयाने तरुण आहे आणि फार कामसू आहे. आल्या आल्या त्याने स्मशानाला फेरी मारली आणि मला बोलावून विचारलं, तुझ्या आईला जाऊन पाच वर्षं होत आली, तिची हाडं अजून जमिनीत कशी? सगळ्यांची तीन वर्षांत काढतात, हे काय तुला ठाऊक नाही? मी थांबले होते ती तुझ्यासाठी. हाडांवर पहिली वाईन थोरल्या लेकीने ओतायची असते. पण तू काही येत नाहीस, आणि आई किती दिवस तिष्ठत बसेल? ईस्टर झाला की मी आणि शेजारची आनेझिना मिळून तिला काढतो, धुतो आणि पेटीत ठेवतो.

आणखी एक सांगायचं आहे, रागावू नकोस. आईबरोबर मी माझ्या बाळालाही काढणार आहे. आपल्या संत मारिनाच्या देवळाच्या अंगणात, अंजिराखाली, बावीस वर्षं मी त्याच्यापुढे दिवा लावते आहे. हाडं धुतली नाहीत तर जीव जमिनीत अडकून राहतो, हे मला आईनेच शिकवलं आणि माझ्या बाळाचा विषय निघाला की तीच तोंड फिरवायची. आता ती अडवायला नाही. पाद्रीला मी सगळं सांगितलं. बाप कोण तेही सांगितलं, की उत्तरेकडच्या कावालाहून सरकारने हद्दपार करून इथे पाठवलेला तंबाखूचा कामगार होता, इओर्दानिस त्याचं नाव, आणि बाळ होण्याआधीच त्याला दुसऱ्या बेटावर हलवलं, तिथे तो उपाशी मेला. पाद्रीने कानावर हात ठेवले नाहीत. म्हणाला, आजीच्याच पेटीत ठेवू नातवाला.

मी त्याला पाहिलंही नाही, ताई. तापाने माझी शुद्ध गेली होती. तू वरच्या माळावर माझ्यापाशी होतीस, तू पाहिलंस. मला निदान त्याची हाडं तरी हातात घेऊ दे.

तुझे सासरे पांतेलिसबुवा ठणठणीत आहेत. चहाटळपणाही तसाच आहे. कॉफीच्या दुकानात बसून अजून तेच रडगाणं गातात, की थोरल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं हे शेळीलाही कळतं, पण माझ्या निकितासने पोराला नाव दिलं सासऱ्याचं. लोक हसतात आणि म्हणतात, निकितास पहिल्यापासून बायकोच्या ओंजळीने पाणी पितो. मला मात्र बरं वाटतं. आपल्या बाबांचं नाव चाललं. याकूमिसचा नवा फोटो पाठव, जुना देवांच्या शेजारी लावला होता तो धुराने काळा झाला.

तुझी
कालिओपी


अलेक्झांड्रिया, ६ एप्रिल १९६१

लाडके कालिओपी,

इथे घरात नुसती खोकी पडली आहेत. निकितास ज्या पेढीत होता ती इथल्या सरकारने ताब्यात घेतली आणि ग्रीकांना हात जोडून बाहेरचा रस्ता दाखवला. आम्ही मेलबर्नला जातो आहोत. जूनच्या मध्यावर जहाज आहे. एकदा तिकडे गेलो की पुन्हा भेट कसली, समज जगाच्या पलीकडच्या टोकाला गेलो.

याकूमिसला सिगारेटच्या कारखान्यातली नोकरी सोडताना फार जड गेलं. तंबाखूची पानं निवडायला बसवला होता त्याला. वर्षभरात असा तयार झाला की डोळे मिटून नुसत्या बोटांनी पान कुठलं ते सांगतो. म्हातारे कारागीर तोंडात बोट घालतात. कुणाकडून आलं हे त्याच्यात, देव जाणे. आपल्या सात पिढ्यांनी शेळ्यांखेरीज काही हाताळलं नाही.

आता मुद्द्याचं. आईला काढ, धू, माझ्या वाटची वाईनही तूच ओत. पण त्या अंजिराखाली हात लावू नकोस. बावीस वर्षांनी एवढ्याशा जिवाचं काय राहिलं असणार? उघडशील आणि माती बघून वेडी होशील. शिवाय आईने मरणापूर्वी माझ्याकडून वचन घेतलं होतं की तिथली जमीन उकरू द्यायची नाही. मेलेल्या आईचा शब्द मोडू नकोस.

आणि हे बघ, मी निकितासशी बोलले. घर, देवळाजवळची जमीन, तेलाचे रांजण, आईचा सणाचा सोन्याचा हार, सगळं तुझं. कागद करायला सांगितलं आहे. लोक म्हणतील, थोरलीने धाकटीला घर दिलं हे अनेमूसावर कधी ऐकलं नव्हतं. म्हणू देत. तू फार केलंस सगळ्यांसाठी.

नवा फोटो पाठवते. उत्तर लगेच लिही.

तुझी ताई
सेवास्ती


अनेमूसा, २३ एप्रिल १९६१

ताई,

अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

काल आईला काढलं. तिचं सगळं नीट झालं. हाडं पिवळीधमक, मेणासारखी. बायका म्हणाल्या, सुटली बिचारी. आनेझिना कवटी धुताना तिच्याशी भांडत होती, माझी चाळण नेलीस ती अजून दिली नाहीस म्हणून. आम्ही रडतही होतो आणि हसतही होतो. गहू उकडून वर डाळिंबाचे दाणे पसरून ठेवले होते. पाद्रीने प्रार्थना म्हटली. मग आम्ही सगळे अंजिराखाली गेलो.

मी कुणाला कुदळ मारू दिली नाही. हातानेच माती काढली. पेटी लगेच लागली, साबणाची जुनी लाकडी पेटी, खिळे गंजलेले पण फळ्या शाबूत. मी मांडीवर पांढरं फडकं पसरून बसले होते. पाद्रीने झाकण उचललं.

आत मी विणलेली पट्टी होती, बाळाला गुंडाळायची, निळ्या काठाची. ती उलगडली. आत दगड होता.

मी आधी वेड्यासारखी दगडाखाली हात घालून चाचपत राहिले. वाटलं बाळाला दाबायला कुणी दगड ठेवला असेल, तो खाली असेल. खाली फळी होती. एक हाड नाही, एक केस नाही. आनेझिना मागे सरकून भिंतीला टेकली. पाद्रीचा चेहरा बोटीतून उतरला होता त्या दिवशीसारखा झाला. बायकांपैकी कुणी म्हणालं, कुत्र्यांनी नेलं असेल. कुत्रं खिळे ठोकून जातं का?

आणि ताई, तो दगड मी ओळखते. कुणालाही न सांगता तो मी घरी आणला, आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. काळा, गोल, कडेने पांढरी शीर, आणि खाली बाबांनी छिन्नीने पाडलेली खाच. आईचा चीजवर ठेवायचा दगड. त्याच वसंतात हरवला होता. आठवतं? मी तापातून उठून पहिल्यांदा चीज दाबायला गेले तर दगड नाही. आईने मला पिंजून काढलं. म्हणाली, पोर घालवलंस, आता दगडही घालवलास. मी शेळ्यांच्या गोठ्यात दोन दिवस तो शोधत होते. तिला ठाऊक होतं तो कुठे आहे. तिनेच गुंडाळला होता माझ्या पट्टीत, आणि मला मारत होती.

मी बावीस वर्षं चीजच्या दगडापुढे दिवा लावला.

माझं बाळ कुठे आहे? तू माळावरच्या झोपडीत होतीस. पेटीला खिळे मारले तेव्हा तू होतीस. आईने तुलाही फसवलं का? त्याला दरीत टाकलं का? काय असेल ते सांग, मला ऐकवेल. हे मात्र सोसवत नाही.

पत्र इथे संपवून पाकिटात घालत होते, तेवढ्यात बोट आली आणि तुझं सहा तारखेचं पत्र मिळालं. उघडू नकोस म्हणतेस. घर देतेस. हार देतेस. मी ते उभ्यानेच वाचलं. आई मेली तेव्हा तू अलेक्झांड्रियात होतीस, ताई. मरणापूर्वी वचन कसं घेतलं तिने तुझ्याकडून?

कालिओपी


अलेक्झांड्रिया, ९ मे १९६१

कालिओपी,

तुझं पत्र वाचून मला घेरी आली, निकितासने पाणी मारलं. देवाशपथ दगडाचं मला काही ठाऊक नव्हतं.

वचन तिने पत्रातून घेतलं होतं, समजलं? आई काय करत होती ते मी बघत नव्हते. मी तुझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते. बाळाला तीच घेऊन बाहेर गेली. कदाचित तिने त्याला समुद्रात सोडलं असेल. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून पवित्र जमिनीत ठेवायला धजली नसेल, आणि तुझं मन राहावं म्हणून पेटी पुरली असेल. जुन्या बायका असंच करायच्या. तिच्यावर राग धरू नकोस, ती आता कुणालाच उत्तर देऊ शकत नाही.

गावात चर्चा वाढवू नकोस. पाद्रीला गप्प राहायला सांग. पांतेलिसबुवांकडे तर फिरकूसुद्धा नकोस, म्हातारा जिभेचा सैल आहे. घराचा कागद तयार होतो आहे. आम्ही सोळा जूनला निघतो, सामान आधीच बंदरावर गेलं.

फोटो राहिला. पुन्हा कधीतरी.

सेवास्ती


अनेमूसा, २० मे १९६१

सेवास्ती,

तू नको म्हणालीस म्हणूनच पांतेलिसकडे गेले. नाहीतर मला सुचलंही नसतं.

तो कॉफीच्या दुकानाबाहेर एकटाच होता. पिशवीतून दगड काढला आणि त्याच्या कपाशेजारी ठेवला. एव्हाना गावभर झालंच होतं, त्यालाही कळलं होतं पेटीत काय निघालं. त्याने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोक्यावरची टोपी काढली. त्या माणसाने देवळात सोडून कुठे टोपी काढलेली मी आजवर पाहिली नाही. ती त्याने गुडघ्यावर चुरगाळली.

मग म्हणाला, "पोरी, मी इथे बसून बावीस वर्षं माझ्या नावासाठी रडतो, ते सगळ्यांना ऐकू जातं. एकदा तरी कुणी नीट विचार करावा असं वाटायचं मला. निकितासने पत्रातून क्रुसावरच्या देवाची शपथ घातली होती, बोलता येत नव्हतं. फक्त रडता येत होतं."

मी विचारलं, काय लिहिलं होतं तुमच्या मुलाने?

"लिहिलं होतं, बाबा, पोरगं गोड आहे, मी त्याला वाढवीन, पण तुमचं नाव देववत नाही. ते आपल्या रक्ताला ठेवू. सासऱ्याचं देतो, तो तर त्याचा खराच आजोबा आहे. मग दुसरं मूल झालंच नाही त्यांना. माझं नाव तसंच राहिलं."

सेवास्ती, मी घरी कशी आले मला आठवत नाही. आनेझिना म्हणते मी पायऱ्यांवर बसले होते आणि दगड पोटाशी धरला होता, तो तिने सोडवून घेतला.

किती मूर्ख आम्ही सगळे. अख्खं बेट हसत होतं निकितासला. इथे कुणाचं पोर कुणाचं नाव घेऊन जन्माला येणार हे लग्नाच्या दिवशीच ठरलेलं असतं. एका माणसाने रीत मोडली, तर आम्ही म्हणालो बायकोचा गुलाम आहे. दुसरं काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी खूश होते बाबांचं नाव चाललं म्हणून. मार्चमध्ये माझं बाळ मेलं, मी तापातून उठले तोवर तू निकितासकडे अलेक्झांड्रियाला निघून गेली होतीस, आणि जूनमध्ये तुला मुलगा झाला म्हणून कळवलंस, तेव्हा मी त्याच्यासाठी मोजे विणून पाठवले. त्याचे पाय मोठे आहेत, मोजे घट्ट होतात, असं तू लिहिलंस. तीन महिन्यांनी मोठे होते ते पाय.

त्याचा फोटो मी धुरातून काढून पुसला. इतकी वर्षं रोज त्याला नमस्कार करते आहे. आज पहिल्यांदा पाहिला. कान इओर्दानिसचे आहेत. आणि बोटांनी तंबाखू ओळखतो, कुणाकडून आलं देव जाणे, असं तू मलाच लिहितेस. तुझा हात अडखळला नाही का?

आता ऐक. तू थोरली. घर तुझं झालं, मी पाणी भरलं. जमीन तुझी झाली, मी नांगरली. हार तू घातलास, मी तुझ्या मागे पायताण हातात घेऊन चालले. माझं लग्न कुणी काढलं नाही, कारण धाकटीचं लग्न झालं की घराचे दोन तुकडे होतात. मी कधी हूं की चूं केलं नाही. आपल्याकडे असंच असतं, आईच्या बहिणीचंही असंच गेलं. पण थोरलीला काय काय मिळतं ते मला पाठ आहे, सेवास्ती. आईने लहानपणी म्हणून घेतलं होतं आपल्याकडून. घर, जमीन, रांजण, माग, हार. त्यात धाकटीचं पोर नव्हतं.

घर मला नको. तुझा कागद आला तर चुलीत जाईल.

तू भुकेली होतीस मुलासाठी, मला दिसत होतं. आणि इओर्दानिसचं पोर इथे राहतं तर त्याला दगड मारले असते, हेही खरं. तू मला विचारलं असतंस तर मी कदाचित स्वतःच्या हाताने दिलं असतं तुझ्या ओटीत. आणि मग रोज त्याची खुशाली विचारली असती. तुम्ही दोघींनी मला तेवढंही ठेवलं नाही, मला मेलेलं बाळ दिलंत.

मी त्याला तुझ्यापासून काढून घेणार नाही. बावीस वर्षांचा पुरुष कोण कुणापासून काढून घेतं. मला फक्त त्याला बघायचं आहे, मेलबर्नला जाण्याआधी. हे पत्र त्याच्या हातात दे. तुझ्या हाताने दे. माझ्याकडे त्याचा पत्ता आहे, तुझाच आहे तो, पण त्याला हे परक्याकडून कळू नये. तू त्याला वाढवलंस, एवढं तरी तुला जमलं पाहिजे.

कालिओपी


अलेक्झांड्रिया, १ जून १९६१

वर काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून जागा रिकामी सोडली आहे. आजवर आईच्या पत्राच्या तळाशी 'मावशी' लिहून दोन ओळी खरडायचो, तसं आज लिहवत नाही, आणि दुसरा शब्द अजून तोंडात बसत नाही. तू समजून घे.

आईने परवा जेवणं झाल्यावर तुझी पत्रं माझ्यासमोर ठेवली आणि बांधलेल्या खोक्यावर जाऊन बसली. मी वाचत असताना ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या बुटांकडे बघत होती. बाबा खिडकीशी उभे होते. वाचून झाल्यावर मी काय विचारलं ते मला आठवत नाही, मोठ्याने विचारलं एवढं आठवतं. आई म्हणाली, "तुझ्या आजीने तुला माझ्या मांडीवर ठेवलं आणि दार ओढून घेतलं. मी दार उघडलं नाही." मग ती उठली आणि भांडी बांधायला, गाद्या गुंडाळायला लागली. मी रात्री तिच्या अंगावर पांघरूण घातलं, आणि मग मलाच कळेना का घातलं.

मी कारखान्यात गेलो. हिशोब झाला होता, तरी गेलो आणि निवडायच्या टेबलावर बसलो. म्हाताऱ्या कारागिराला विचारलं, कावालाचं पान आहे का. त्याने एक जुडी आणून दिली. मी ती हजारदा हाताळली असेन. त्या दिवशी डोळे मिटले तर बोटांना ते पान ओळखता येईना.

सोळा तारखेच्या जहाजावर आईबाबा जातील. मी नाही. माझं तिकीट बाबांनी स्वतः जाऊन परत केलं, मी सांगितलंही नव्हतं. ते म्हणाले, म्हाताऱ्याला भेट, माझ्या बापाला, आणि सांग की माझी चूक झाली, त्याचं नाव तुला शोभलं असतं. पुढे मेलबर्नला जाईन की नाही ते मला आज माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

पिरेउस बंदरातून जी पहिली बोट अनेमूसाला येईल तिच्यात मी असेन. समुद्र खवळला आणि बोट बंदरात शिरली नाही, तर परत जायचं नाही असं मी ठरवलं आहे. पाद्रीला पिठाबरोबर उतरवलं तसं मलाही उतरवतील.

एक मागणं आहे. तो दगड टाकू नकोस, कुणाला देऊ नकोस आणि अंजिराखालीही परत पुरू नकोस. मला तो दोन्ही हातांनी उचलून बघायचा आहे. तू इतकी वर्षं मी समजून जे जपलंस त्याचं वजन किती, ते मला कळलं पाहिजे.

याकूमिस